तंबोऱ्याचा सांधा

महांतप्पानं भोपळ्याच्या गळ्यातून मनगटापर्यंत हात आत घातला, तळाशी चाचपलं आणि तो तसाच थांबला.

"लागली का हाताला?" शारदाबाईंनी विचारलं.

त्यानं पुन्हा चाचपलं. मग त्यानं हळूच हात बाहेर काढला. बोटांना जुन्या लाखेचा तपकिरी चुरा लागला होता. बाकी काही नाही.

"लाखेचा वण हाय," तो म्हणाला. "माळ न्हाई, आक्का."

तुळजापुरातल्या त्या माजघरात पाच माणसं होती. शारदाबाई, साठी उलटलेल्या, विधवा. त्यांची मुलगी लीला, कन्याशाळेत शिक्षिका. शारदाबाईंचे धाकटे दीर विष्णुपंत, ज्यांच्या सोवळ्याला अख्खी गल्ली वचकून असे. विष्णुपंतांचा मुलगा गोपाळकृष्ण, तहसील कचेरीत कारकून. आणि पाचवा, वाद्यं बनवणारा महांतप्पा. चौघं घरचे, एक बाहेरचा. अशा वेळी चोर कोण हे ठरवायला आपल्याकडं फार वेळ लागत नाही.

"चार दिवस तंबोरा कुणाच्या दुकानात होता?" विष्णुपंतांनी विचारलं. आवाज चढवायची त्यांना गरजही पडली नाही.

पंतांनी तक्रार दिली आणि तासाभरात जमादार गोरोबा आला. त्यानं महांतप्पाच्या हाताला दोरी बांधली आणि त्याला भर बाजारातून ठाण्यावर नेलं. नवरात्राआधीच्या प्रथेप्रमाणं देवी मंचकावर निजलेली, घटस्थापना आठवड्यावर, गावात यात्रेकरूंची गर्दी. शेकडो लोकांनी पाहिलं.

तेरा वर्षांपूर्वी, रझाकारांच्या धास्तीनं, शारदाबाईंच्या यजमानांनी सोन्याच्या पुतळ्यांची माळ या तंबोऱ्याच्या पोटात दडवली होती. दांडी आणि भोपळा जिथं जुळतात तो सांधा महांतप्पानंच उघडून दिला. मेणकापडात बांधलेली माळ त्यानं तळाशी लाखेनं डकवली आणि सांधा पुन्हा मिटवला. रझाकार गेले, निजाम गेला, पुढं यजमानही गेले. याहून भरवशाची जागा नाही म्हणून माळ तिथंच राहिली. आता लीला पुण्याला गाणं शिकायला निघाली होती आणि शारदाबाईंना ती माळ तिच्या गळ्यात घालायची होती. तंबोऱ्याचा सूर टिकत नाही म्हणून लीलानं तो महांतप्पाकडं दिलेलाच होता. परत आणल्यावर एकदमच उघडा, असं शारदाबाई म्हणाल्या, आणि तो उघडला.

मामला सरळ होता. आणि सरळ होता म्हणूनच गोरोबाला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

*

"अप्पा, शेवटचं विचारतो. माळ कुठं हाय?"

"शेवटचं शेवटचं म्हणून सा बार इचारलं तुमी," कोठडीतून महांतप्पा म्हणाला. "सातव्यांदा तेच सांगतो. तो सांधा माझा न्हाई."

गोरोबानं दात खाल्ले. तेरखेड्याकडच्या एका सुताराचा तो मुलगा. बापाच्या सरसाच्या भांड्याचा वास आणि उकाडा नको म्हणून पोलिसात भरती झाला, तर इथंही लाकूड आणि चिकटवणं त्याच्या पाठीशी लागलेलंच.

"मग चार दिवस काय केलं त्याचं?"

"तारा उतरवल्या. गळा बघितला. दांडी फुडं झुकलेली. लई न्हाई, गव्हाच्या दाण्याएवढी. तारा दांडीला वढत्यात आन् सांधा सरकायलाय. म्हून रोज सूर उतरतो."

"म्हंजे सांधा सुटला होता."

"हितंच तर गोम हाय. सुटला न्हाई, सरकला. लाख धरती न्हाईतर तडकती. सरस बी तसंच. धरलं तर जल्मभर धरतंय. हे धरतंय बी आन् सरकतंय बी. असलं चिकाट वाद्याला लावणारा कारागीर म्या बघितला न्हाई."

"तुम्ही काय लावलं होतं?"

"लाख. त्या घरचा तंबोरा देवघरात ऱ्हातो. सरस म्हंजी जनावराचं कातडं नि हाडं उकळून केलेलं. पंत ते देवघरात येऊ देत्याल? माझ्या बापानं हा तंबोरा केला तवाच लाखेवर केला. दुकानात सरस हाय माझ्या, त्याशिवाय धंदा व्हत न्हाई. पर त्या घरच्या वाद्याला कधी न्हाई."

"सांधा परका दिसला, तर तिथंच उघडून का बघितलं न्हाई?"

"आत काय हाय ते मला ठावं. येकट्यानं उघडू? कमीजास्त झालं तर? म्हून म्हणलं, घरी नेऊन समद्यांसमोर उघडावा." महांतप्पा कडवट हसला. "लई शाणपणा केला."

गोरोबा उठला. महांतप्पानं गज धरले.

"जमादार, गोंधळ्यांची अकरा तुणतुणी माझ्या दुकानात व्हती. नवरात्राची. काल सांजच्याला समदी उचलून नेली. चोराच्या हातचं वाद्य देवीफुडं वाजवणार न्हाईत, असं माझ्या हरणाबाईला दारात उभं ऱ्हावून सांगितलं. मला जेल झाली तर झाली. पर वाद्य माणूस इश्वासानं हातात देतो. तो गेला तर सुटून येऊन म्या काय करू?"

दोरी गोरोबानंच बांधली होती.

फौजदारांचा आवाज मोठा, धीर बेताचा. सांधा, सरस, लाख हे शब्द ऐकूनच ते वैतागले.

"जमादार, तुम्ही पोलिस का सुतार?"

"साहेब, चोर असता तर स्वतः येऊन सगळ्यांसमोर उघडला असता का?"

"नाटक! साळसूदपणाचं नाटक. परवा त्याला उस्मानाबादला कोर्टात उभा करायचा. पुढं नवरात्राचा बंदोबस्त आहे. तुमच्या लाकूडकामाला मला वेळ नाही."

म्हणजे गोरोबाच्या हातात फक्त उद्याचा दिवस होता.

*

सकाळीच तो त्या घरी गेला. शारदाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, पण सुपातल्या खड्यांवर त्यांचं लक्ष नव्हतं.

"माळ आत आहे हे कुणाकुणाला माहीत होतं, आक्का?"

"यजमान, मी आणि महांतप्पा. लीलालाही मी परवाच सांगितलं."

"माळ दडवली त्या दिवशी घरात आणखी कोण होतं?"

"भावजी ओट्यावर बसले होते, गल्लीवर लक्ष ठेवायला. गोपाळ तेव्हा शाळेत जायचा. दिसेल तिथं तोंड खुपसायची त्याची खोड." त्यांनी सूप खाली ठेवलं. "जमादार, महांतप्पाच्या बापाचाही आमच्या घरावर विश्वास होता. मला हे पटत नाही. पण माझ्या पटण्यानं काय होतंय?"

लीलाचे डोळे सुजलेले होते. तंबोरा आपण दुकानात दिला म्हणून हे सगळं झालं, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

"सूर कधीपासून उतरतो?" गोरोबानं विचारलं.

"आषाढापासून. आई आणि मी आठ दिवस कळंबला मावशीकडं गेलो होतो. परत आल्यावर तंबोरा लावला तर आवाज एकदम मोकळा. त्याआधी जरा दबका वाजायचा. मला वाटलं नव्या तारा मानवल्या. पण सूर टिकेचना. सकाळी लावावा, दुपारी उतरलेला. खुंट्यांना खडू लावला, तारा बदलल्या, कान किटले. एकदा तर रडले."

"महांतप्पाकडं कधी दिला?"

"भाद्रपदात."

"म्हणजे दोन महिन्यांनी! हे फौजदारसाहेबांना सांगितलं नाही?"

"सांगितलं. ते म्हणाले, बाई, आवाजाचा पंचनामा होत नाही."

गोरोबानं मनातल्या मनात फौजदारांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"परवा सांधा उघडला तेव्हा काय दिसलं?"

"महांतप्पांनी गरम फडकी गुंडाळली. तरी लवकर सुटेना. मग ताणत ताणत सुटला, साय ओढावी तसा. तेही चकित झाले होते."

"आषाढातल्या त्या आठ दिवसांत घरी कोण होतं?"

"काका आणि गोपाळदादा."

गोपाळकृष्ण परसात गोठ्यामागं सापडला. रेडिओसाठी कपाट करत होता. शेगडीवर पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवलेलं, आणि त्यातून येणारा तो ओळखीचा, नाक धरायला लावणारा वास.

"सरस?"

"हो. बाबा घरात आणू देत नाहीत म्हणून इथं." त्यानं भांड्यावर झाकण ठेवलं. "का हो?"

"तंबोरा कधी उघडलात?"

"मी? मला वाद्यातलं काही कळत नाही."

"लाकडातलं कळतं ना?"

गोपाळकृष्णाच्या हातातली पटाशी थांबली. "जमादार, मला गुंतवू नका. नवी नोकरी आहे."

तो घाबरला होता. गोरोबाला वाटलं, सापडला. हाताशी सरस, लाकडाची जाण, घरात मोकळं रान. आता फक्त सांध्यावर सरस निघालं की झालं.

विष्णुपंत देवघरात पोथी वाचत होते. गोरोबा उंबऱ्याबाहेरच थांबला. आचमनाला पळी उचलताना पंतांच्या हातून पाणी पोथीवर सांडलं. पोथीची वरची लाकडी फळी मधून तडकून सांधलेली होती. थोड्या वेळानं त्या सांध्यावर पांढुरकी रेघ उठली, तशी पंतांनी ती उपरण्यानं पुसली आणि पोथी बाजूला सारली.

"विचारा काय ते लवकर. माझी पूजा व्हायची आहे."

"तंबोऱ्यात माळ आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का, पंत?"

"बायकांच्या दागिन्यांशी मला काय करायचंय?"

"लीलाबाई पुण्याला चालल्यात म्हणे."

"चालल्यात! या घराण्यातली मुलगी चार लोकांत बसून गाणार. दादा असते तर हे झालं नसतं. वहिनींना मात्र कौतुक." त्यांनी गोरोबाकडं रोखून पाहिलं. "चोर तुमच्या कोठडीत आहे. माझ्या घरात काय शोधताय?"

"गोपाळरावांच्या सरसाबद्दल..."

"त्या घाणीचं नाव इथं काढू नका!"

*

ठाण्यावर तंबोरा दोन तुकड्यांत जप्त होऊन पडला होता. गोरोबानं चाकू घेतला आणि सांध्यावरचं चिकाट खरवडलं. खाली लाखेचा जुना थर होता. त्याच्यावर पातळ, काचेसारखी आरपार दिसणारी पापुद्री. ती त्यानं ओढली तर तुटायच्या आधी ताणली गेली.

त्यानं चहावाल्याकडून कोमट पाणी मागवलं आणि पापुद्रीचा तुकडा त्यात टाकला. सरस असेल तर फुगेल, वास सुटेल, बोटाला चिकटेल. बापाच्या हाताखाली हजारदा पाहिलेलं. बस, मग गोपाळकृष्णाला आणायचं आणि महांतप्पाला सोडायचं.

वास सुटला नाही.

त्यानं वाटी नाकाजवळ धरली. काही नाही. बोट घालून चोळलं. नुसतं लिबलिबीत.

दुसरा तुकडा त्यानं काडीवर धरला. लाख असती तर वितळून थेंब झाला असता आणि ओळखीचा वास आला असता. हा आक्रसला, काळा पडला आणि भलताच उग्र वास सोडून गेला.

सरस नाही, लाख नाही. मग हे आहे तरी काय? गोरोबानं चाकू टेबलावर आपटला. दोन दिवसांची धावपळ फुकट. उद्या त्या म्हाताऱ्याला एसटीत बसवायचं, पुन्हा दोरी, पुन्हा तोच बाजार. त्याला स्वतःचा इतका राग आला की वाटी फेकून द्यायला त्यानं ती उचललीच.

आणि फेकली नाही. पाण्यात पडलेला तो आरपार तुकडा आता दुधासारखा पांढरा झाला होता.

असला पांढरा रंग त्यानं त्याच सकाळी पाहिला होता. त्यानं महांतप्पाला कोठडीतून काढलं, फौजदारांना जेवणावरून उठवलं, त्यांच्या शिव्या मुकाट्यानं खाल्ल्या आणि सगळ्यांना घेऊन तो पंतांच्या घरी गेला.

*

"जमादार, पाच मिनिटं देतो," फौजदार माजघरात पाटावर बसत म्हणाले.

"पुरं होतील, साहेब." गोरोबा उभाच राहिला. "पहिली गोष्ट. आषाढात तंबोऱ्याचा आवाज मोकळा झाला आणि तेव्हाच सूर उतरायला लागला. पोटातला बोजा गेला म्हणून आवाज मोकळा. सांधा कुणीतरी उघडून कच्चा जोडला म्हणून सूर उतरला. दोन्ही एकाच आठवड्यात. महांतप्पाच्या हातात तंबोरा पडला तो दोन महिन्यांनी."

फौजदार पाटावर सरसावून बसले.

"दुसरी गोष्ट. चोरानं सांधा परत जोडला कशाला? बाहेरचा चोर माळ घेऊन पसार होतो, जोडत बसत नाही. जोडणाऱ्याला इथंच राहायचं होतं. आक्का आणि लीलाबाई कळंबला. घरात उरले दोघं."

गोपाळकृष्ण पांढराफटक पडला. "मी नाही! देवीची शपथ, मी नाही!"

"तुम्ही नाही," गोरोबा म्हणाला. "सकाळी मला तुम्हीच वाटला होतात. पण तुमच्या शेगडीवर सरस असतं. तुम्ही तेच लावलं असतं. सरस लावलं असतं तर सांधा घट्ट बसला असता, सूर उतरला नसता, आणि हा म्हातारा कधी सुटला नसता. पण सांध्यावर सरस नाही. हातभर अंतरावर सरस असताना ते कुणी का लावलं नाही?"

गोरोबानं देवघराकडं बोट केलं.

"कारण तंबोरा देवघरातला. चोराला चोरी चालली, पण देवघरात जनावराचं कातडं चाललं नाही. लाख चालली असती, पण ती लावायला कारागिराचा हात लागतो. ज्याला लाख जमत नाही आणि सरस चालत नाही, त्यानं काय लावावं? गोपाळराव, पंतांच्या पोथीची फळी कशानं सांधली?"

गोपाळकृष्णानं बापाकडं पाहिलं. मग मान खाली घातली.

"पांढऱ्या गोंदानं. आषाढात मीच सोलापूरहून आणला. मुंबईचा, नवा निघालेला. पोथ्यांच्या फळ्या सांधायला. चामड्याचा नाही, कारखान्यात औषधं मिसळून करतात, असं दुकानदार म्हणाला. बाबांनी दोनदा विचारून घ्यायला सांगितलं होतं."

"लीलाबाई, मी देवघरात येत नाही. तेवढी पोथी फळीसकट आणा आणि फळीच्या सांध्यावर पाणी घाला."

लीलानं पोथी आणली. पाणी घातलं. सगळे वाट पाहत राहिले. हळूहळू सांध्यावर दुधाची रेघ उठली. गोरोबानं सोबत आणलेली पाण्याची वाटी पुढं केली आणि तिच्यातला तुकडा शेजारी ठेवला.

"वाळलं की आरपार, पाण्यात पांढरं. पोथीच्या फळीला हे छान. तिला कोण ओढतंय? तंबोऱ्याला चार तारा रात्रंदिवस ओढतात. तिथं हे सरकतं. आपण उत्तम चिकटवलं असंच त्या माणसाला वाटलं असणार."

"फळी सांधली म्हणून मी चोर?" विष्णुपंत म्हणाले. आवाज अजून शाबूत होता. "गावात पन्नास डबे असतील त्या गोंदाचे."

"असतील. मग एवढंच करा, पंत. पोथीवर हात ठेवा आणि म्हणा, तंबोरा मी उघडला नाही. मी आत्ता माफी मागून जातो."

विष्णुपंतांनी हात उचलला. पोथीवर आणला. तो टीचभर वरच राहिला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात अंघोळ केल्याशिवाय त्या पोथीला बोट लावलं नव्हतं, त्याच्याकडून खोट्या शपथेचा हात काही खाली जाईना.

"भावजी?" शारदाबाई म्हणाल्या.

"मी चोरी केली नाही," पंतांचा हात मांडीवर पडला. "त्या दिवशी ओट्यावरून मी सगळं ऐकलं होतं. माळ घराण्याची. ती घालून पोरगी पुण्याला बैठकी करत हिंडणार होती. माळ नसली म्हणजे वहिनी तिला पाठवायच्या नाहीत, असं वाटलं. देव्हाऱ्याखाली आहे ती. एक पुतळीसुद्धा कमी नाही. घरातलंच घरात ठेवलं."

"आणि या माणसाच्या हाताला दोरी बांधली तेव्हा?" शारदाबाईंनी विचारलं. "तुम्ही तिथंच होतात. तुम्हीच बोट दाखवलंत. सरस विटाळ, आणि हे सोवळं?"

"वाटलं, पुरावा नाही. दोन दिवसांत सुटेल."

महांतप्पा भिंतीला टेकून, दोरीचे वळ पडलेली मनगटं चोळत उभा होता.

फौजदार उठले. सुटका झाल्यासारखे दिसले. "म्हणजे घरचाच मामला. तक्रार मागं घ्या, विष्णुपंत. कागद फाडून टाकू. आणि अप्पाला मागच्या गल्लीनं घरी जाऊ दे. नवरात्राच्या तोंडावर गवगवा नको."

"मागच्या गल्लीनं?" गोरोबाचा तोल सुटला. "साहेब, नेला तो भर बाजारातून नेला! म्या नेला! आता तुम्ही कागद फाडला तर लोक काय म्हणतील? वशिला लावून सुटला. हा माणूस मरेपर्यंत चोर राहील."

"जमादार, आवाज खाली."

"साहेब, माझं बी ऐका," महांतप्पा पहिल्यांदाच बोलला. "मला घरी जायाचं न्हाई. दुकानात जायाचंय. ताईचा तंबोरा दुरुस्त करायचाय. तो पंतांनी ठाण्यावरनं आणून द्यावा. बाजारातून. सोताच्या हातानं."

"मी?" विष्णुपंत म्हणाले. "भर दिवसा?"

"तसंच होईल," शारदाबाई म्हणाल्या. "नाहीतर तक्रार मागं घेतली जाणार नाही. मी नव्यानं देईन, आणि तिच्यात तुमचं नाव घालीन."

*

दुपारी तीनच्या सुमारास तुळजापूरच्या बाजारानं ते पाहिलं. पुढं दोरीशिवाय महांतप्पा. त्याच्यामागं विष्णुपंत, खांद्यावर दांडी, काखेत भोपळा, कपाळाचं गंध घामानं ओघळलेलं. मागं लीला, आणि सर्वांत शेवटी जमादार. कुंकवाची दुकानं, बांगड्यांची दुकानं, सोलापूरच्या गाडीतून उतरलेले यात्रेकरू, जो तो थबकून बघत होता. दुकानापाशी पोचेपर्यंत मागं पन्नासेक माणसं जमली. त्यात गोंधळीही होते.

हरणाबाई दारातून धावत बाहेर आली आणि नवऱ्याला पाहून पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली.

विष्णुपंतांनी तंबोरा पुढं केला. महांतप्पानं हात मागं बांधले.

"आदी बोला, पंत."

पंतांनी इकडंतिकडं पाहिलं. ओठ हलले.

"मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई."

"माळ मी काढली होती," विष्णुपंत म्हणाले. आता सगळ्यांना ऐकू आलं. "यानं नाही. मी."

गर्दीत कुजबुज उठली. गोरोबानं टोपी काढली. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि उद्या फौजदार याबद्दल त्याची खरडपट्टी काढणार हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आन् दोरी म्या बांधली व्हती," तो म्हणाला. "न इचारता, न बघता. माझं चुकलं, अप्पा."

महांतप्पानं तंबोरा घेतला. दोन्ही तुकडे आत नेऊन फडक्यावर ठेवले, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि लीलाकडं पाहिलं.

"कशानं जोडू, ताई?"

"सरसानं," लीला म्हणाली. तिनं काकाकडं पाहिलंसुद्धा नाही. "हा आता देवघरात राहायचा नाही. माझ्याबरोबर पुण्याला येतोय."

गर्दी पांगायला लागली. विष्णुपंत खाली मान घालून निघून गेले. मग रामलिंग नावाचा एक म्हातारा गोंधळी पुढं आला. परवा हरणाबाईला दारात उभं राहून सुनावणारा तोच. त्यानं काखेतलं तुणतुणं काढलं, दुकानाच्या पायरीवर ठेवलं आणि हात जोडून उभा राहिला.

महांतप्पानं शेगडीत कोळसे घातले. वर पाहिलं नाही.

"ठिवा तितं," तो म्हणाला. "तंबोऱ्याच्या मागं नंबर हाय तुमचा."